घराच्या विम्यात नेमके काय?

मध्यमवर्गीय मराठी माणूस आयुष्यात बहुधा एकदाच जी मोठी खरेदी करतो, ती घराची. पंधरा-वीस वर्षांचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेले दागिने आणि क्वचित गावाकडे विकलेली वाटणीची जमीन, एवढे सारे एकत्र आल्यावर दोन-तीन खोल्या त्याच्या नावावर होतात. याच माणसाच्या कपाटातील कागदपत्रे एकदा पाहावीत. आयुर्विम्याची एक-दोन विमापत्रे तेथे सापडतील. प्राप्तिकराच्या सवलतीने ती घ्यावयास लावलेली असतात. स्कूटरच्या विम्याचा कागद सापडेल, कारण त्यावाचून वाहन रस्त्यावर आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. परंतु ज्या घरात ते कपाट उभे आहे, त्या घराचा विमा मात्र बहुधा सापडणार नाही. आणि सापडलाच, तर त्यात काय लिहिले आहे हे घरातील कोणालाही सांगता येणार नाही.

ही स्थिती केवळ काटकसरीपायी आलेली आहे असे म्हणता येत नाही. घराच्या विम्याचा हप्ता आयुर्विम्याच्या किंवा वाहनाच्या विम्याच्या मानाने अल्प असतो. पण त्याची कायद्याने सक्ती नाही; हप्ता अल्प म्हणून एजंटाचे कमिशनही अल्प, तेव्हा तोही त्यासाठी कोणाचे दार फारसे ठोठावीत नाही. शिवाय विटा-सिमेंटच्या पक्क्या घराला होऊन होऊन काय होणार, असा एक भाबडा विश्वास मनात घर करून असतो. दुसऱ्या बाजूस, ज्यांनी विमा उतरविला आहे त्यांचा विश्वास त्याहूनही भाबडा असतो. घराचे काहीही बिघडले तरी कंपनी भरून देईल, अशी त्यांची समजूत असते. हे दोन्ही समज सारखेच महाग पडणारे आहेत. म्हणून घराच्या विम्यात काय येते आणि काय येत नाही, याची थोडी तपशिलात जाऊन फोड करणे आवश्यक आहे.

मदत म्हणजे भरपाई नव्हे

पक्क्या घराला काय होणार, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने वारंवार अनुभवले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील संसार वाहून गेले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या परिसरात भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईच्या उपनगरांतील तळमजले पाण्याखाली गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. ही यादी वाढविता येईल. पण नैसर्गिक संकट हे आपल्या राज्यात अपवाद राहिलेले नाही, एवढे तिच्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

अशा प्रत्येक प्रसंगी सरकार धावून येते, हे खरे आहे आणि ते त्याचे कर्तव्यच आहे. परंतु सरकार जे देते ती मदत असते, भरपाई नसते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या साहाय्याचे केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या कालखंडासाठी जे निकष ठरविले, त्यांनुसार पूर्णतः पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये द्यावयाचे आहेत. राज्य सरकारे प्रसंगी त्यात भर घालतात. तरीही एवढ्या रकमेत आज एक खोलीदेखील धड उभी राहत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. जो कनिष्ठ कारकून किंवा शिक्षक पडलेल्या घराच्या कर्जाचे हप्ते पुढील दहा वर्षे भरणार आहे, त्याच्या संसाराचा तोल या मदतीने सावरत नाही. मदत आणि गरज यांच्यातील हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे विमा.

आगीचा विमा आणि पुराचा प्रश्न

या विषयातील पहिला घोटाळा नावापासूनच सुरू होतो. घराच्या विम्याची परंपरा आगीच्या विम्यातून आलेली आहे. १६६६ मध्ये लंडन शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे घरांचा आगीपासून विमा उतरविणारा धंदा उभा राहिला. पुढे वादळ, पूर, दंगल अशी एकेक आपत्ती त्या विमापत्राला जोडली गेली, पण नाव मात्र आगीचेच राहिले. आपल्याकडेही अनेक वर्षे घराचा विमा हा 'प्रमाणित आग व विशेष आपत्ती' या नावाच्या विमापत्राखाली उतरविला जात असे. नाव ऐकून अनेकांना वाटे की हा फक्त आगीचा विमा आहे, आपल्या पुराशी त्याचा काय संबंध? वस्तुतः पूर व वादळ त्यात अंतर्भूत असत. भूकंप मात्र नसे. त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळी जोड घ्यावी लागे. ज्याने ती घेतली नसेल त्याच्या हाती विमापत्र असूनही भूकंपानंतर काही पडण्याची शक्यता नव्हती.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने हा गोंधळ दूर करण्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाचे एक प्रमाणित विमापत्र लागू केले. आगीचा विमा करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ते देणे बंधनकारक आहे. कंपनी कोणतीही असो, या विमापत्राचा मूळ मजकूर एकच असतो. हप्ता मात्र ज्याचा त्याने ठरवावयाचा. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. चार कंपन्यांची चार निरनिराळी कलमे वाचीत बसण्याऐवजी एकच मजकूर समजून घेतला की काम भागते. म्हणून येथून पुढचे विवेचन मुख्यतः याच विमापत्राला धरून केले आहे.

कारणांची यादी हाच कणा

घराचा विमा समजून घेताना एक सूत्र मनात पक्के करावयास हवे. हा विमा 'घराला काही झाले तर' असा नसतो. 'अमुक अमुक कारणाने घराला काही झाले तर' असा असतो. नुकसान किती झाले हा दुसरा प्रश्न. ते कशाने झाले हा पहिला. कारण यादीत असेल तर पुढचे बोलणे. नसेल तर घर संपूर्ण जमीनदोस्त झाले तरी कंपनीचे दायित्व उत्पन्न होत नाही.

भारत गृह रक्षा विमापत्रातील यादी बरीच विस्तृत आहे. आग, स्फोट व वीज कोसळणे, भूकंप, ज्वालामुखी व तत्सम निसर्गक्षोभ, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर व जलमय होणे, घराखालची जमीन खचणे, दरड किंवा कडा कोसळणे, वणवा, वाहन, झाड, विमान अशा बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल, संप व द्वेषमूलक नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, आणि यांपैकी एखादी घटना घडल्यानंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळेच झालेली चोरी, या सर्वांचा तीत समावेश आहे. जुन्या विमापत्रात वेगळ्याने मागून घ्यावा लागणारा भूकंप येथे मूळ यादीतच आलेला आहे. ज्या राज्याने कोयना आणि किल्लारी पाहिली आहे त्याच्या दृष्टीने ही सुधारणा लहान नव्हे.

घर राहण्यायोग्य उरले नाही तर पर्यायी निवासाचे भाडे, किंवा घर भाड्याने दिलेले असल्यास बुडालेले भाडे, विमापत्रातील अटींना अधीन राहून मिळू शकते. मलबा उपसण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत दिले जाते. पूर ओसरल्यावर पहिला खर्च गाळ काढण्याचाच असतो, हे चिपळूण व सांगलीच्या नागरिकांना वेगळे सांगावयास नको.

यादीबाहेर राहिलेले घर

आता दुसरी बाजू पाहू. तक्रारी आणि कडवटपणा यांचा उगम याच बाजूला होतो, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे.

जे अचानक घडत नाही, हळूहळू घडते, ते विम्यात येत नाही. गच्चीतून दर पावसाळ्यात झिरपणारे पाणी, वरच्या मजल्यावरील न्हाणीघरामुळे ओलावलेला स्लॅब, गंजून फुगलेल्या सळया, दाराच्या चौकटीला लागलेली वाळवी, उडालेला रंग, ही सर्व देखभालीची खाती आहेत. नळ एकाएकी फुटून घरात पाणी भरले, तर ते यादीत आहे. तोच नळ वर्षभर ठिबकत राहून भिंत कुजली, तर ती यादीत नाही. हा भेद कंपनीने ऐनवेळी काढलेली पळवाट नव्हे. विमा अनिश्चिततेचा उतरविता येतो. जे निश्चितपणे होणारच आहे त्याचा नव्हे.

याहून गंभीर प्रश्न इमारत आपोआप कोसळण्याचा आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथील एक पाच मजली निवासी इमारत ना भूकंप, ना पूर असताना कोसळली आणि १६ माणसे प्राणास मुकली. अशा घटना आपल्या शहरांत अपरिचित नाहीत. अशा वेळी घरमालकाला वाटते की विमा याच दिवसासाठी होता. परंतु केवळ 'कोसळणे' हे कारण यादीत नाही. जमीन खचणे यादीत आहे खरे. पण सदोष आराखडा, निकृष्ट बांधकाम वा निकृष्ट साहित्य यांमुळे झालेली हानी, नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव टाकून केलेल्या जमिनीचे बसणे, समुद्र वा नदी यांनी किनारा पोखरणे, तसेच जवळपासचे खोदकाम, पाडकाम वा बांधकाम यांचे परिणाम तेथे स्पष्टपणे वगळलेले आहेत. मुंबई-पुण्यात आज गल्लोगल्ली पुनर्विकासाची खोदाई चालू आहे. शेजारच्या खड्ड्याने आपल्या भिंतीला तडा गेला, तर त्याचा जाब विकासकाला आणि महापालिकेला विचारावयाचा आहे. घराचा विमा त्या जागी उपयोगी पडणार नाही. तेव्हा इमारतीची संरचनात्मक तपासणी आणि इमारतीचा विमा ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत आणि एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

चोरीविषयीही असाच गैरसमज आहे. मे महिन्यात कुटुंब गावी गेले आणि मागे घरफोडी झाली, तर या मूळ विमापत्रातून काही मिळणार नाही. कारण येथे फक्त आपत्तीच्या पाठोपाठ सात दिवसांत झालेल्या चोरीचा अंतर्भाव आहे. घरफोडीसाठी निराळा विमा, किंवा अनेक जोखमी एकत्र करणारे गृहस्थांचे विमापत्र घ्यावे लागते. रोकड, धनादेश, शेअर व रोखे, हस्तलिखिते, वाहने हेही मूळ विम्याबाहेर आहेत. दागिने व कलावस्तू यांचा अंतर्भाव करावयाचा तर त्यांचे मूल्य आधी ठरवून, वेगळा हप्ता भरून ती जोड घ्यावी लागते. विजेच्या बाबतीत भेद आणखी सूक्ष्म आहे. शीतकपाटात शॉर्टसर्किट होऊन केवळ ते यंत्रच जळाले, तर भरपाई नाही. त्यातून आग पसरून स्वयंपाकघर जळाले, तर स्वयंपाकघराची भरपाई आहे. युद्ध, अणुकिरणोत्सर्ग आणि स्वतः हेतुपूर्वक केलेले नुकसान वगळलेले असते, हे सांगावयास नकोच.

येथे जाता जाता एका उपयुक्त गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. स्वयंपाकाच्या गॅसच्या अपघातांसाठी तेल कंपन्यांनी सार्वजनिक दायित्वाचा विमा घेतलेला असतो. नोंदणीकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर अपघात झाल्यास मालमत्तेच्या हानीसाठी दर घटनेस कमाल २ लाख रुपये आणि मृत्यू झाल्यास दर व्यक्तीमागे ६ लाख रुपये अशी त्यात तरतूद आहे. ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अपघाताची खबर वितरकाला ताबडतोब लेखी देणे मात्र अगत्याचे असते. किती घरांना हे ठाऊक आहे?

भाव वेगळा, भिंत वेगळी

कारणांनंतर प्रश्न येतो रकमेचा, आणि येथे बहुसंख्य घरमालक चुकतात. घराची 'किंमत' म्हणजे बाजारभाव, हे आपल्या मनात इतके रुजले आहे की विमाही तेवढ्याच रकमेचा असावा असे आपण गृहीत धरतो. परंतु बाजारभावात जागेचा भाव असतो, स्टेशन जवळ असल्याचा भाव असतो, चांगल्या शाळेच्या शेजाराचा भाव असतो. भूकंपाने इमारत पडली तरी जमीन जागेवरच राहते आणि स्टेशनही तेथेच राहते. पडते ती भिंत. म्हणून विमा भिंतीचा, म्हणजे घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो.

भारत गृह रक्षा विमापत्रात ही रक्कम काढण्याची रीत सोपी आहे. घराचा कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये घ्यावा आणि विमा सुरू होण्याच्या दिवशी बांधकामाचा जो दर असेल त्याने गुणावे. समजा, ठाण्यातील एका शिक्षकाची ५० चौरस मीटरची सदनिका आहे आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला ३० हजार रुपये धरला, तर इमारतीची विमारक्कम १५ लाख रुपये होते. त्याच सदनिकेचा बाजारभाव ७५ लाख असू शकेल. पण ७५ लाखांचा हप्ता भरून त्याच्या पदरी या विमापत्राखाली अधिक काही पडणार नाही. इमारतीबरोबर सामानाचाही विमा घेतला, तर सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, मात्र जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण यादी न देताही मिळते. म्हणजे या शिक्षकाच्या बाबतीत ३ लाख रुपये. त्याहून अधिक हवे असेल तर सामानाचा तपशील द्यावयाचा. विमापत्र दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीचे घेता येते आणि मुदत एका वर्षाहून अधिक असल्यास विमारक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते. महागाईच्या काळात हे कलम मोलाचे आहे.

या विमापत्राने आणखी एक जुनी अडचण दूर केली आहे. विमाव्यवहारात 'सरासरी'चे एक कलम असते. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचाच उतरविला आणि आगीत चार लाखांचे नुकसान झाले, तर विमेदाराला वाटते की दहा लाखांच्या आत आहे, तेव्हा चार लाख मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही अर्ध्याच घराचा विमा उतरविला होता, तेव्हा नुकसानीचाही अर्धाच वाटा, म्हणजे दोन लाख, आमच्याकडे. या कलमाने अनेकांची निराशा केली आहे. भारत गृह रक्षामध्ये ते पूर्णपणे रद्द करण्यात आले. इतर प्रकारच्या विमापत्रांत मात्र ते आजही आढळते; म्हणून कोणत्याही मालमत्तेचा विमा उतरविताना त्याची चौकशी अवश्य करावी.

कर्जाचा विमा आणि सोसायटीचा विमा

'माझ्या घराचा विमा बँकेनेच काढला आहे,' असे पुष्कळ कर्जदार निश्चिंतपणे सांगतात. त्यांनी तो कागद एकदा मागून पाहावा. बँकेच्या दारी दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. एक घराचा विमा. दुसरी कर्जदाराच्या आयुष्याचा विमा. कर्जदाराचा मृत्यू झाला तर दुसऱ्यातून उरलेले कर्ज फिटते. पण घर जळाले आणि कर्जदार सुखरूप राहिला, तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. दोन्हींना उपयोग आहे, परंतु एकीच्या जागी दुसरी चालत नाही. शिवाय बँकेच्या सांगण्यावरून काढलेला घराचा विमा पुष्कळदा केवळ इमारतीचा असतो आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. फर्निचर, पुस्तके, कपडे, भांडी यांचे काय, हा प्रश्न त्या कागदाने सुटत नाही.

सदनिकाधारकांपुढे दुसरा प्रश्न सहकारी गृहनिर्माण संस्थेचा असतो. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार संस्थेने आपल्या इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरविणे अपेक्षित आहे. किती संस्था हे कर्तव्य पाळतात, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्याच संस्थेच्या ताळेबंदात शोधावे. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी, गच्ची यांचा मालक एकटा सदनिकाधारक नसतो. तळमजल्याचे खांब उद्ध्वस्त झाले तर चौथ्या मजल्यावरच्या विमेदाराला एकट्याला आपले घर हवेत बांधता येत नाही. म्हणून इमारतीचा विमा संस्थेने उतरवावा आणि घरातील सामानाचा ज्याने त्याने, ही वाटणी सर्वांत सोयीची ठरते. मात्र एकाच इमारतीसाठी संस्थेने आणि सदनिकाधारकाने दोन विमे घेतले म्हणून नुकसान दुप्पट भरून मिळत नाही. विम्याचा हेतू हानी भरून काढणे हा आहे, नफा देणे हा नव्हे. चाळीत वा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. भिंती मालकाच्या असल्या तरी सामान आपले असते आणि केवळ सामानाचा विमा उतरविता येतो.

आपत्तीनंतरचे दिवस

दावा नाकारला जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे पुराव्याचा अभाव. ज्या घरात पाणी शिरले तेथे बिलेही भिजतात आणि विमापत्रही वाहून जाते. म्हणून विमापत्राची प्रत घराबाहेर, नातलगाकडे वा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. घरातील वस्तूंची यादी आणि छायाचित्रे वर्षातून एकदा करून ठेवावीत. घटना घडताच कंपनीला कळवावे. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, दंगल वा चोरी असेल तर पोलिसांतील फिर्याद घ्यावी. कंपनीचा सर्व्हेअर पाहणी करून जाईपर्यंत खराब झालेल्या वस्तू भंगारात देऊ नयेत. आणि तरीही नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी. विमापत्राच्या प्रस्तावात घराविषयी जी माहिती दिली असेल ती खरी असावी. वाढीव खोली बांधली किंवा घर दीर्घकाळ बंद ठेवावयाचे असले, तर त्यासंबंधीची अट वाचून कंपनीला वेळीच कळवावे.

कंपनीचा निर्णय अन्यायाचा वाटला, तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर न पटल्यास विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देवविण्याचा अधिकार लोकपालांना आहे. सामान्य नोकरदाराच्या घराच्या दाव्याला ही मर्यादा बहुधा पुरते.

जबाबदारी कोणाची?

एवढे सारे वाचून एखादा वाचक विचारील की हा विषय इतका गुंतागुंतीचा आहे तर दोष ग्राहकाचा कसा? प्रश्न रास्त आहे. विमा हा करार आहे आणि कराराच्या दोन्ही बाजूंना त्याची भाषा समजली पाहिजे, हे साधे तत्त्व आहे. प्रमाणित विमापत्राने मजकूर सोपा झाला, हे मान्य करूनही तो आपल्या हाती बहुधा इंग्रजीतच पडतो. ज्या राज्यात बहुसंख्यांचे शिक्षण, शासनव्यवहार आणि वृत्तपत्रवाचन मराठीत चालते, तेथे घरासारख्या वस्तूच्या विम्याचे कागद मराठीत मिळावयास हवेत. आणि त्यांच्या पहिल्याच पानावर, कोणत्या कारणाने पैसे मिळतील व कोणत्या कारणाने मिळणार नाहीत, या दोन याद्या ठळक छापलेल्या असाव्यात. हप्त्याचा आकडा सांगताना जी तत्परता दाखविली जाते, ती वगळलेल्या गोष्टी सांगताना दाखविली तर पुढचे निम्मे तंटे टळतील. बँकांनीही कर्जदाराच्या सह्या घेताना घराचा विमा आणि आयुष्याचा विमा यांतील भेद त्याला समजेल अशा भाषेत सांगणे हे आपले कर्तव्य मानले पाहिजे.

परंतु कंपन्या आणि बँका सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर आपण स्वस्थ बसून चालणार नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांतून वाहने उभी करण्याच्या जागेवर तासन् तास खडाजंगी होते. त्याच सभेत इमारतीचा विमा आहे काय, असल्यास किती रकमेचा व कोणत्या कारणांचा, आणि त्याची मुदत केव्हा संपते, एवढे तीन प्रश्न एखाद्या सभासदाने विचारले तर त्यास पाच मिनिटे लागतील. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी आपल्या सभासदांसाठी या विषयाची एखादी माहितीसभा ठेवली, तर ती कर्जवाटपाइतकीच उपयुक्त सेवा ठरेल.

घर बांधताना आपण पाया किती खोल आहे हे विचारतो, पाणी चोवीस तास आहे काय हे विचारतो, उजेड कोणत्या दिशेने येतो हेही पाहतो. या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावयास हवी: हे घर उद्या उभे राहिले नाही, तर ते पुन्हा उभे करण्याचा खर्च कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर पावसाळ्यापूर्वी, शांतपणे कागद वाचून मिळवावयाचे असते. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ते मिळत नाही.